चिसौकांची भिंत

हिंगोलीच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवकन्या ब्लाउज शिवते. तिच्या हातचा ब्लाउज अंगाला बसतो आणि तिचं बोलणं अंगाला लागतं, म्हणून गल्लीतल्या बाया कापड टाकायला येतात, बसायला येत नाहीत. तिलाही तेच बरं वाटतं. माणूस बसला की बोलायला लागतो आणि बोलायला लागला की त्याची अक्कल बाहेर पडते, असं तिचं ठाम मत. गावात कुणाबद्दल चांगलं बोलायची वेळ तिच्यावर फारशी आलेली नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, शाळेतले मास्तर म्हणजे मोबाइलची राखण करायला ठेवलेले गडी, आणि सख्खा भाऊ विजयकुमार म्हणजे समोरचा हसला की आपणही हसायचं एवढंच शिकलेला माणूस. हे सगळं ती तोंडावर बोलते. पाठीमागे बोलणाऱ्यांचा तिला फार तिटकारा, कारण तिच्या पाठीमागे आख्खी गल्ली बोलत आली होती.

पाठीमागे तिचं नाव होतं चिसौकां. ‘चिसौकांकडं टाकलाय ब्लाउज.’ ‘चिसौकांचं तोंड आज सकाळीच सुटलंय.’ हे नाव तिला घराच्या भिंतीमुळे पडलं.

लग्नघराची भिंत रंगवायची आपल्याकडे रीत आहे. शिवकन्येचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील किसनराव यांनी जळबा पेंटरला बोलावलं. किसनराव अडतीवर काट्याजवळ उभे राहणारे साधे गृहस्थ, पण पोरीच्या लग्नात त्यांना कुठेही उणं दिसू द्यायचं नव्हतं. जळबाने रस्त्याकडची भिंत पांढरी करून घेतली आणि दाराच्या एका बाजूला भालदार, दुसऱ्या बाजूला चोपदार उभा केला. वर सोंडेत हार धरलेले दोन हत्ती काढले. दोन्ही हत्तींचं तोंड वेगळं झालं; एक हसत होता आणि दुसऱ्याची दाढ दुखत असावी. मधे ऑइलपेंटच्या लाल अक्षरांत त्याने एकाखाली एक ओळी लिहिल्या. पहिली ‘चि. विश्वंभर’, तिच्याखाली ‘व चि.सौ.कां. शिवकन्या’, आणि सगळ्यांत खाली ‘यांचा शुभविवाह’.

विश्वंभर कुरुंद्याचा. हळदीच्या दिवशी पिवळी साडी नेसून शिवकन्या पाटावर बसली. नवरदेवाची उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, म्हणून सगळे कुरुंद्याच्या जीपची वाट बघत राहिले. बायकांची गाणी म्हणून संपली. पुन्हा पहिल्यापासून झाली. शेवटी जीपऐवजी मोटारसायकलवर कुणी एक दूरचा पाहुणा आला आणि गाडीवरून न उतरताच सांगून गेला की पोरगं पुण्याला निघून गेलंय, लग्न होत नाही. महिन्याभरात कळलं की पोरगं पुण्याला कशाला, वसमतच्या पुढेही गेलं नव्हतं. त्याच्या मामाने हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची एकुलती एक पोरगी बघून ठेवली होती. ज्याच्या घरून वाटीभर हळद आली नाही, तो पुढे हळदीच्या गोदामाचा मालक झाला. या गोष्टीवर हसावं की थुंकावं हे शिवकन्येला कधीच ठरवता आलं नाही.

त्या दिवशी मात्र ती हसली नाही आणि रडलीही नाही. चुलतीने न्हाणीत पाणी काढून दिलं, तिने डोक्यावरून आंघोळ केली, पिवळी साडी पिळून दोरीवर टाकली आणि आलेल्या पाहुण्यांना आईबरोबर वाढायला लागली.

राहिली ती भिंत. किसनरावांनी तिच्यावर चुना मारला. पण ऑइलपेंटवर चुना धरत नाही. दिवाळीला मारलेला चुना पावसाळ्यात पोपडे धरून गळायचा आणि खालून विश्वंभर पुन्हा लालबुंद वर यायचा. जळबा पेंटरने आयुष्यात एवढं एकच काम मन लावून केलं असावं. पुढे सोयरिकीला पाहुणे यायचे, दारात उभे राहून भिंत वाचायचे, आत येऊन चहा प्यायचे आणि कळवतो म्हणून जायचे. शाळेत जाणारी पोरं नवीन शिकलेलं वाचन त्या भिंतीवर घासून बघायची. ‘चि’, ‘सौ’, ‘कां’ असं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची. तिथून ते नाव निघालं आणि आयांनी उचललं. लग्न न झालेल्या बाईला अखंड सौभाग्याच्या नावाने हाक मारायची, ही या गल्लीची विनोदबुद्धी. किसनराव गेले, आई गेली, सोयरिका यायच्या बंद झाल्या, शिवकन्येने शिवणयंत्र घेतलं आणि कुणाची सून होण्यापेक्षा हे बरं असं ती सांगू लागली. पहिली काही वर्षं ते नुसतं सांगणं होतं. पुढे ते खरंच झालं.

आणि भिंत हळूहळू दमली. ओल चढली, गिलावा फुगला, रंगाची भुकटी होऊन बोटाला लागायला लागली. आधी विश्वंभरमधला ‘र’ गेला, मग पुढचा ‘वि’ गेला. रोज सकाळी दारापुढे झाडताना शिवकन्या वर बघायची आणि आज किती गेलं याचा अंदाज घ्यायची. गेल्या साली पहिल्या ओळीत ‘श्वं’ तेवढा उरला आणि दुसरीत ‘कन्या’. गल्लीत नवीन आलेल्या सुनांना भिंतीवर काय होतं हेच ठाऊक नव्हतं. त्या तिला ताई म्हणायच्या. जुन्या बायांची तोंडं तेवढी बंद व्हायची राहिली होती, पण नाव वाचायला भिंतच उरली नाही तर तेही विसरलं जाणार होतं. एवढा ‘श्वं’ गेला की आपण सुटलो, असं शिवकन्येने मनाशी धरलं होतं.

त्याच सुमाराला शहर सुंदर करायचं खूळ निघालं. हे खूळ मोठ्या शहरांतून आलं. तिथे म्हणे उड्डाणपुलांचे खांब आणि वस्त्यांच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या आहेत, आणि लोक देवदर्शनाला जावं तसे त्या बघायला जातात. मग आपणच काय पाप केलंय, म्हणून काही व्यापारी आणि पुढारी मंडळींनी एक सजावट समिती काढली. समितीने पहिल्या झटक्यात जी चित्रं काढून घेतली त्यांना तोड नव्हती. तळ्याच्या चित्रात नारळाची झाडं आणि शिडाची होडी. सिद्धेश्वरच्या धरणावर जन्म गेलेल्या भोयाने असली होडी स्वप्नातसुद्धा बघितली नसेल. एका भिंतीवर डोंगरातल्या आदिवासींची गोल फेर धरलेली माणसं, जी इथून पाचशे कोसांवर नाचतात. एका भिंतीवर नुसते दोन पंख, मधे जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे माणूस परी दिसतो. पहिला फोटो समितीच्या खजिनदाराने काढून घेतला. तो परीसारखा दिसला नाही. आणि प्रत्येक चित्राखाली ‘सौजन्य’ म्हणून जी नावं होती ती चित्रापेक्षा मोठी होती. शिवकन्या बाजारात जाताना हे सगळं बघायची आणि म्हणायची, यापेक्षा लोक मुततात ते बरं, भिंतीला निदान काहीतरी खरं मिळतं.

समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब. फलकावर, पत्रिकेवर, भोंग्यावर सगळीकडे ‘मा. भाऊसाहेब’. वसमत भागातले हळदीचे बडे व्यापारी, आता हिंगोलीतही बंगला. त्यांचं पाळण्यातलं नाव काय हे नव्या लोकांना सांगता आलं नसतं, आणि जुन्यांपैकी ज्यांना ठाऊक होतं ते हळद त्यांच्याच गोदामात घालत होते. पाळण्यातलं नाव विश्वंभर.

पहिली चित्रं पाहून समितीतल्याच कुणाला तरी लाज वाटली असावी, कारण दुसऱ्या खेपेला पुण्याहून एक चमू बोलावला. तीन-चार पोरं-पोरी, आणि त्यांची पुढारी वैष्णवी. पंचविशीतली, रंग लागलेली पँट, नाकात चमकी. ती गावभर भिंती बघत हिंडली आणि शिवकन्येच्या दारात येऊन थांबली ती हललीच नाही. भालदाराचे बूट बघितले, दाढदुख्या हत्ती बघितला, गुडघ्यावर बसून कोपऱ्यातली जळबाची सही बघितली. मग आत येऊन म्हणाली, ‘काकू, ही भिंत म्हणजे खजिना आहे.’

‘मी काय तुझ्या काकाची बायको हाये?’ शिवकन्या म्हणाली. त्यावर ती पोरगी हसली आणि तेव्हापासून ताई म्हणू लागली. हसली म्हणून शिवकन्येने तिला बसू दिलं. वैष्णवीने मोबाइलवर शहरातल्या भिंती दाखवल्या. पाच मजली इमारतीवर एका म्हातारीचा तेवढाच मोठा चेहरा होता, सुरकुती न् सुरकुती. शिवकन्येने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘हिला विचारलं होतं का?’ वैष्णवीला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका भिंतीवर चित्रावर चित्र, त्यावर कुणाची तरी अक्षरं, अक्षरांवर काट. हे काय म्हणून विचारलं तर वैष्णवी उत्साहाने सांगू लागली की रस्त्यावरच्या चित्राचा हाच कायदा असतो. एकाने काढलं, दुसऱ्याने त्यावर आपलं रंगवलं, तिसऱ्याने दोघांचं खोडलं. कुणी तक्रार करायची नसते. तीच त्यातली गंमत.

‘म्हंजे कुणाचंबी खोडलं तर चालतंय?’

‘चालतं. उलट त्यामुळे भिंत जिवंत राहते.’

शिवकन्येने मान हलवली. पुण्याची माणसं रिकामटेकडी असतात हे तिला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या भिंतीचं काही करायचं नाही, ती तिच्या मरणानं मरून राहिली, मरू द्या, एवढं तिने बजावून सांगितलं आणि विषय तिच्यापुरता संपला.

पण घर विजयकुमारच्याही नावावर होतं. शिवकन्या सेनगावला मावसबहिणीच्या पोरीच्या लग्नाला गेली, लग्नघरातले ब्लाउज शिवत तिथे आठवडाभर अडकली, आणि इकडे विजयकुमारने होकार दिला. परत येताना जीपमधून ती कोपऱ्यावर उतरली, पिशव्या घेऊन गल्लीत वळली आणि थांबली.

भिंत नवी झाली होती. भालदाराच्या बुटांना चकाकी होती. हत्ती ताजे होते, एक हसरा आणि एक दुखरा, जसेच्या तसे. आणि मधे लालभडक, ओला दिसावा असा रंग: चि. विश्वंभर व चि.सौ.कां. शिवकन्या यांचा शुभविवाह. समोर शाळेतून आलेली दोन पोरं उभी होती आणि त्यातलं एक दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत होतं. ‘चि. सौ. कां.’ मागच्या ओट्यावरून कुणीतरी बाई फिसकन हसली.

शिवकन्येला रडू आलं. इतक्या वर्षांत आलं नव्हतं ते भर गल्लीत, हातात पिशव्या असताना आलं, आणि रडू आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती भराभर आत गेली. एकेक अक्षर गळताना बघत तिने काढलेली वर्षं या लोकांनी आठवड्यात पुसून टाकली होती.

वैष्णवीचा चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता. भिंतीवर पाणी मारलं की जुन्या ऑइलपेंटची उठलेली कड दिसते, तिच्यावरून आम्ही अक्षर न् अक्षर शोधून काढलं, एक रेघही आमच्या मनाची नाही, असं ती सांगत राहिली. हे जोडपं आता कुठे असतं, असंही तिने विचारलं. विजयकुमारने तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. ही शिवकन्या ती शिवकन्या हे तिला ठाऊकच नव्हतं. गल्ली तिच्यासमोर ताई म्हणायची आणि पाठीमागे चिसौकां. खरं नाव घेतं कोण? शिवकन्येने तिला काही सांगितलं नाही. जे विचारून घेत नाहीत त्यांना आपणहून सांगायचं कशाला?

तिने धरलं ते विजयकुमारला. तो सोफ्यावर बसून पत्रिका बघत होता. भिंतीचं अनावरण भाऊसाहेबांच्या हस्ते, निमंत्रकांत त्याचं नाव. समितीत घ्यायचा शब्द त्याला मिळाला होता, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

‘तुला म्हाईत हाये भाऊसाहेब कोन हाये,’ ती म्हणाली.

‘जुनी गोष्ट झाली आक्का. काहून उकरून काढून राहिली? भाऊसाहेब काही मनात ठेवत न्हाईत.’

मनात ठेवत नाहीत! म्हणजे हळदीची जीप पाठवायची जणू हिचीच राहून गेली होती, आणि थोर मनाने त्यांनी हिला माफ केलं होतं. असल्या माणसाशी भांडण करून जीभ विटाळायची नाही, असं तिने ठरवलं. रडण्याचा उमाळा गेला आणि त्याच्या जागी जुना, ओळखीचा, निबर तिरस्कार येऊन बसला. तो आला की तिला काम सुचतं.

आणि काम विजयकुमारच घेऊन आला. अनावरणासाठी भिंतीवर पडदा पाहिजे होता, दोरी ओढली की सर्रकन बाजूला होणारा, मखमली, लाल. आक्का, घरचंच काम आहे, तू शिवून दे. ती हो म्हणाली. विजयकुमारला वाटलं, निवळली. त्याला असंच वाटतं, म्हणून तो आजवर सुखात आहे.

तिने पडदा चांगला शिवला. घरच्या शत्रूचं कापड असलं तरी टाका तिरका घालायचा नाही, हा तिचा धर्म. कार्यक्रमाच्या सकाळी पोरांनी तो बांबूवर चढवला. मंडपवाला खुर्च्या मांडत होता, भोंगेवाला आवाज तपासत होता. पडदा एका बाजूला ओढतोय, नीट बसवून देते, म्हणून शिवकन्या स्टूल घेऊन त्याच्या मागे गेली. तिला कोण अडवणार? पडदा तिचा, भिंत तिच्या बापाची. वैष्णवीचे रंगाचे डबे तिथेच वळचणीला होते, लाल आणि भिंतीचा पांढरा. पडद्याबाहेर भोंग्यावर कुणीतरी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन म्हणत होतं.

स्टुलावर चढून तिने पहिल्यांदा ते नाव जवळून बघितलं. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. बोट लावलं तर रंग गुळगुळीत लागला. तिला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. पांढऱ्या रंगाचा ब्रश घेऊन तिने सगळ्यांत खालची ‘यांचा शुभविवाह’ ही ओळ झाकली. दुसऱ्या ओळीतला ‘व’ झाकला. मग आपल्या नावापुढचं ‘सौ.कां.’ झाकलं. शेवटी पहिल्या ओळीतला ‘चि’ झाकला, ब्रश बदलला, आणि त्या जागी खडूने गळा आखावा तशा हाताने ‘कै’ लिहिलं. टिंब जळबाचंच राहू दिलं. हात पुसून ती बाहेर आली आणि पुढच्या रांगेत बायकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. कुणी विचारलं तर सांगायला तिने मनात एक वाक्य धरून ठेवलं होतं, पण विचारलं कुणी नाही. पडद्यामागे काय आहे यापेक्षा नाश्त्याला काय आहे यात लोकांना जास्त गोडी होती.

भाऊसाहेब उशिरा आले, कारण वेळेवर यायला ते काही साधे गृहस्थ नव्हते. अंगाने सुटलेले, पांढरे कपडे, कपाळाला हळदीचा टिळा. गल्ली बघून त्यांना काही आठवल्याचं दिसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांना त्यांनी एका लायनीत हात जोडले आणि शिवकन्येपाशी येऊन तेच म्हणाले जे अलीकडच्या आणि पलीकडच्या बाईला म्हणाले, ‘काय ताई, बरं हाय ना?’ आणि पुढे गेले. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिने मात्र त्या एका क्षणासाठी इतकी वर्षं काय काय जुळवून ठेवलं होतं! कधी आला समोर तर हे म्हणू, ते म्हणू. ज्याला ती रोज सकाळी झाडू हातात घेऊन अक्षराअक्षराने मरताना बघत होती, त्याच्या लेखी ती कधी नव्हतीच. मगाशी स्टुलावर मनाच्या कोपऱ्यात जी थोडी धाकधूक राहिली होती, ती तेवढ्यात गेली.

सत्कार झाले. नारळ झाले. विजयकुमारने हार घालून घेतला. वैष्णवी चार वाक्यं बोलली, शहरांत लोक ज्या कलेच्या शोधात भटकतात ती इथे दारादारांवर आहे वगैरे, आणि मग निवेदकाने गळा साफ केला. भाऊसाहेबांनी आपल्या शुभहस्ते पडदा दूर करावा आणि भिंतीवरचा ऐतिहासिक मजकूर आपल्या पहाडी आवाजात वाचून दाखवावा, अशी त्याने नम्र विनंती केली. भाऊसाहेबांना माइक म्हणजे जीव की प्राण. त्यांनी एका हाताने दोरी ओढली, दुसऱ्या हातात माइक घेतला. पडदा सर्रकन गेला. शिवणच तशी होती. टाळ्या पडल्या. भाषणं वाचून वाचून भाऊसाहेबांना जी खोड लागली होती त्या खोडीने त्यांनी अर्ध्या शब्दाचा पुरा शब्द करून मोठ्यानं वाचलं:

‘कैलासवासी विश्वंभर...’

आणि माइक तसाच तोंडापाशी राहिला.

गेली काही वर्षं या गावात सभा झाली की आधी कुणाला तरी श्रद्धांजली असते. लोकांच्या अंगवळणीच पडलंय. भोंग्यावरून ‘कैलासवासी’ ऐकू आलं तसे मागच्या रांगांतले लोक सवयीने उठले आणि माना खाली घालून उभे राहिले. मागचे उठले म्हणून मधले उठले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. व्यासपीठावरच्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून खजिनदार उठला, निवेदक उठला. विजयकुमार तर सगळ्यांच्या आधी उठलेला. हिंगोलीच्या भर गल्लीत, भर उन्हात, मा. भाऊसाहेबांना जिवंतपणी माना खाली घालून श्रद्धांजली वाहिली गेली, आणि माइक त्यांच्याच हातात होता. काही जुनी माणसं होती ज्यांना नाव ठाऊक होतं. त्यांनी मान इतकी खाली घातली की त्यांचं तोंड दिसू नये.

भाऊसाहेबांनी दुसरी ओळ मनातल्या मनात वाचली. चि. शिवकन्या. मग हसरा हत्ती बघितला, दुखरा बघितला, दाराची चौकट बघितली. मग ते वळले. सगळं गाव उभं होतं आणि पुढच्या रांगेत एक बाई तेवढी बसलेली होती.

आता त्यांनी ओळखलं. माइक बाजूला करायचं भान मात्र राहिलं नाही. ‘हे... हे काहून केलं?’ भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू आलं.

मनात धरून ठेवलेलं वाक्य शिवकन्येने बसल्या जागेवरून सांगितलं. तिला माइकची गरज नव्हती. ‘तुमच्या घरून उष्टी हळद यायची व्हती. ती न्हाई आली, तवाच आमी तुमच्या नावानं आंघोळ केली.’

आंघोळ केली म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगायला लागलं नाही. मागून कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. भाऊसाहेब चहा न घेता गेले, त्यांच्यामागे खजिनदार गेला, आणि विजयकुमार गाडीच्या मागे काही पावलं पळून परत आला. गल्लीतल्या बाया मात्र थांबल्या. ज्या ओट्यावरून त्या दिवशी हसणं ऐकू आलं होतं त्या ओट्यावरची बाई भिंतीसमोर उभी राहून दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी विजयकुमार चुन्याचा डबा घेऊन आला. शिवकन्या म्हणाली, मार. ऑइलपेंटवर चुना धरत नाही हे तुझ्या बापाला कळलं होतं, तुलाही कळू दे. तो डबा ठेवून आत गेला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत घरात बरीच शांतता होती.

वैष्णवी रंगाचे डबे गोळा करायला आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. कार्यक्रमानंतर तिला सगळं कळलं होतं, गल्लीने आता मात्र आपणहून सांगितलं होतं. ती दारात उभी राहिली, माफी मागायचं मनात असावं. पण शिवकन्येला माफ्या ऐकायचा कंटाळा.

‘तूच म्हणली ना, वरून रंगवलं तर चालतंय?’

‘चालतं, ताई.’

‘तुझा रंग चांगला हाये. किती वर्सं टिकंल?’

वैष्णवीने भिंतीकडे बघून विचार केला. ‘वीस वर्षं तरी जाणार नाही.’

‘मंग दुरुस्त करायचं काम न्हाई,’ शिवकन्या म्हणाली. ‘तवर ते ‘कै’ खरंच व्हईल.’

आणि तिने सुईत दोरा ओवला.